गम बायक्रोमेट मुद्रण : संवेदकाची तीव्रता आणि छटांचा पल्ला

गम बायक्रोमेट ही छायाचित्र छापण्याची पद्धत आहे. अरबी डिंक, रंगद्रव्य आणि डायक्रोमेट (क्रोमियमचा प्रकाशसंवेदी क्षार; जुने नाव बायक्रोमेट) यांचे मिश्रण कागदावर पसरून निगेटिव्हखाली अतिनील प्रकाश दिला, की उजेड लागलेला डिंक घट्ट होतो आणि बाकीचा पाण्यात सुटतो. या पद्धतीचे श्रेय कोणाचे, याबद्दल एकमत नाही. डायक्रोमेट लावलेल्या कागदाची प्रकाशसंवेदकता मंगो पाँटन यांनी १८३९ मध्ये दाखवली, पण त्यात डिंक नव्हता. आल्फाँस प्वातव्हँ यांचे रंगद्रव्ययुक्त थराचे पेटंट १८५५ चे. जॉन पाउन्सी यांची चित्रे १८५८ च्या सुमारास लोकांसमोर आली. तत्त्व प्वातव्हँ यांचे आणि त्यातून प्रत्यक्ष चित्रे सिद्ध करण्याचे काम पाउन्सी यांचे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

संवेदक म्हणजे डायक्रोमेटचा विद्राव. २०° से. तापमानाला पोटॅशियम डायक्रोमेटचा संपृक्त विद्राव सुमारे ११ टक्के, तर अमोनियम डायक्रोमेटचा २५ टक्क्यांच्या थोडा वर असतो. तीव्र संवेदकाने प्रकाशनकाल (उजेड देण्याचा वेळ) घटतो, कॉन्ट्रास्ट उतरतो आणि छटांचा पल्ला वाढतो. सौम्य संवेदकाने उलट घडते : वेळ जास्त लागतो, थोड्याच पायऱ्यांत गडदापासून कोऱ्या कागदापर्यंत उडी पडते. तीव्र संवेदकाने चित्र कडक (जास्त कॉन्ट्रास्टचे) येते असा चुकीचा समज आढळतो. चाचणीच्या सगळ्या पट्ट्यांना एकच वेळ देऊन केलेल्या तुलनेवरून पल्ला ठरवता येत नाही, कारण त्यात वेळेचा परिणाम मिसळलेला असतो. प्रत्येक तीव्रतेचा प्रकाशनकाल आधी गडद भागावरून जुळवावा, मगच निगेटिव्हऐवजी ठेवलेल्या, क्रमाने गडद होत जाणाऱ्या २१ पायऱ्यांच्या पट्टीवर सुटी दिसणारी घरे मोजावीत (प्रत्येक घरात ०.१५ घनतेचा फरक; दोन घरे म्हणजे दुप्पट प्रकाश). डिंक-रंग आणि संवेदक यांचे १:१ प्रमाण कायम ठेवावे. तीव्रता कमी करायची तर संवेदकातच पाणी घालावे. संवेदकाचे माप घटवले तर रंगाचा थर जाड होतो आणि चाचणी फसते.

तीव्र संवेदकाने पल्ला का वाढतो, याविषयी दोन मते आहेत. नारिंगी डायक्रोमेट स्वतःच अतिनील प्रकाश अडवतो, त्यामुळे थर खोलवर सावकाश घट्ट होतो, हे पहिले. जिलेटीनचा जाड थर असलेल्या कार्बन मुद्रणाला ते चांगले लागू पडते. दुसरे मत असे : डिंकाचा थर मात्र फार पातळ असतो आणि तो वरून खाली घट्ट होत जातो. उजळ छटेत घट्टपणा कागदापर्यंत पोचला नाही, तर धुताना ती छटा पापुद्र्यासारखी सुटून पाण्यात तरंगते. डायक्रोमेट भरपूर असला तर थोड्या उजेडातही ती कागदाला धरून राहते. डिंकापुरते हे दुसरे स्पष्टीकरण अधिक पटते.

तीव्र संवेदकाचा थर दमट हवेत अंधारातही घट्ट होऊ लागतो आणि उजळ भागांवर धूसर पडदा येतो. म्हणून तो वाळताच वापरावा. उरलेला पिवळा डाग पोटॅशियम मेटाबायसल्फाइटच्या १ ते ५ टक्के विद्रावात जातो. डायक्रोमेट कर्करोगकारक आहे : हातमोजे हवेतच, आणि उरलेला विद्राव मोरीत ओतू नये.