सही खरी, तरीही दस्त खोटा

मुद्रांक कागद अस्सल आहे की नाही, हे कागद, शाई आणि छपाई तपासून सांगता येते, आणि तो कागद छापणारी इंडिया सिक्युरिटी प्रेस आमच्या नाशिकरोडलाच आहे. त्यावर सही करणाऱ्याला त्या वेळी आपण काय करतो आहोत हे कळत होते का, हे ठरवणे मात्र फार अवघड असते.

समजा, दिंडोरीकडच्या एका वृद्ध शेतकऱ्याला स्मृतिभ्रंश आहे आणि त्याची अवस्था ठाऊक असूनही पुतण्याने लबाडीने त्याच्याकडून हक्कसोडपत्रावर सही करून घेतली. हस्ताक्षरतज्ज्ञ सही खरी असल्याचा निर्वाळा देतील. तरीही भारतीय न्याय संहितेच्या कलम 335 नुसार, मनोविकलतेमुळे सही करणाऱ्याला मजकूर कळू शकत नाही हे जाणून सही घेणे म्हणजे खोटा दस्तऐवज तयार करणेच होय. अल्झायमरमध्ये नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, लवकर बाधित होतो, तर वर्षानुवर्षे गिरवलेल्या हालचाली सांभाळणारी मेंदूची केंद्रे बराच काळ शाबूत राहतात. म्हणून नातवाचे नाव विसरलेला माणूसही झोकदार सही करू शकतो. पार्किन्सनमध्ये नेमके उलटे घडते. समज पूर्ण असूनही अक्षर बारीक आणि कापरे होते, आणि खरी सही बनावट वाटू लागते.

डॉक्टरांची 30 गुणांची स्मृतिचाचणी येथे अपुरी पडते. जमीन कोणती, वारस कोण, सहीनंतर आपल्याकडे काय उरणार, हे त्या व्यक्तीला समजून तोलता येते का, हे पाहावे लागते. शिवाय आजारपणातल्या भ्रमावस्थेत समज काही तासांत बदलत असल्याने आठवड्यानंतरच्या दाखल्यावर, माझ्या मते, फार विसंबू नये.

आरोपीच स्वतःच्या मनोविकलतेचा बचाव घेतो, तेव्हा न्याय संहितेचे कलम 22 लागू होते. कृत्याचे स्वरूप, किंवा ते चुकीचे अथवा बेकायदा आहे हे त्या वेळी कळण्यास तो असमर्थ होता, हे त्यालाच दाखवावे लागते. सहीचा सराव करणारा, जुनी तारीख घालणारा आणि सोयीचे साक्षीदार जमवणारा माणूस हे सहसा दाखवू शकत नाही. एका प्रकारच्या स्मृतिभ्रंशात, ज्यात मेंदूचा पुढचा भाग झिजतो, स्मरण बऱ्यापैकी टिकते, पण संयम आणि लाजभीड सुटते. नियम तोंडाने सांगू शकणारा असा रुग्ण या कलमात सहजी बसत नाही, ही मला कायद्यातली खरी अडचण वाटते.

आरोपी आज स्वतःचा बचाव करू शकतो का, हा प्रश्न वेगळाच. त्यासाठी फौजदारी खटल्यांची कार्यपद्धती ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 367 आणि 368 नुसार वैद्यकीय तपासणी होते, आणि प्रथमदर्शनी पुरावा असूनही तो असमर्थ ठरल्यास खटला तहकूब होतो. बरे वाटल्यावर तो पुन्हा सुरू होऊ शकतो. परंतु वाढत जाणाऱ्या स्मृतिभ्रंशात तशी आशा नसल्याने, सातबाऱ्यावरचे नाव परत मिळवण्यासाठी फसवल्या गेलेल्या कुटुंबाला दिवाणी न्यायालयात स्वतंत्र दावा लावणेच भाग पडते.