ट्रान्झिस्टर: आतल्या भागाचं नाव पेटीला लागलं

जत, आटपाडी, माण भागातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘रेडिओ’ म्हणजे फळीवरची जड पेटी आणि ‘ट्रान्झिस्टर’ म्हणजे पट्टा खांद्याला अडकवून रानात न्यायची छोटी. मूळ शब्द मात्र पेटीचा नाही, आतल्या तीन पायांच्या भागाचा.

हा भाग अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी डिसेंबर १९४७ मध्ये चालवून दाखवला. त्याला नाव मिळायला पुढचा मे उजाडला. सहा नावांवर सहकाऱ्यांची मतं मागवली. त्यांत ‘क्रिस्टल ट्रायोड’ होतं, ‘आयोटाट्रॉन’ही होतं. ठरलं ते तिथल्याच जॉन पिअर्स यांनी सुचवलेलं ‘ट्रान्झिस्टर’. ‘ट्रान्सफर’ अधिक ‘रेझिस्टर’ अशी फोड सगळीकडे सांगतात, पण मतं मागवणाऱ्या टिपणात दुसरा शब्द ‘व्हॅरिस्टर’ आहे, म्हणजे व्होल्टप्रमाणे विजेला होणारा अडथळा बदलणारा भाग. उष्णतेप्रमाणे अडथळा बदलणारा थर्मिस्टरही त्याच घराण्यातला. लॅटिनपर्यंत मागे गेलं तर ‘ट्रान्स’चं नातं आपल्या ‘तरणे’शी लागतं आणि ‘सिस्ट’चं ‘स्था’शी, म्हणजे स्थान, स्थिर यांच्याशी.

त्याआधीच्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या संचाला नळ्यांतल्या तारा तापवायला एक वीज आणि वर बरेच व्होल्ट वेगळे लागत. ट्रान्झिस्टरच्या संचाला दीड व्होल्टचे चार सेल पुरत. जिथे विजेचा खांब पोचला नव्हता, तिथे हाच फरक निर्णायक ठरला. १९५४ पासून परदेशात हे संच ‘ट्रान्झिस्टर रेडिओ’ म्हणून विकले गेले. बोलताना त्यातला ‘रेडिओ’ गळला. सांगलीचं आकाशवाणी केंद्र १९६३ चं, मीडियम वेव्हवर १२५१ किलोहर्ट्झ. जुन्या पट्टीवर मीटरचे आकडे असतील तर काटा २४० च्या आसपास.

स्टेशन दबकं लागलं तर पेटी फिरवायची. आत फेराइटची काळी कांडी आडवी असते आणि तिचं टोक केंद्राकडे झालं की आवाज अगदी पडतो. जतहून सांगली पश्चिमेला, म्हणून कांडी दक्षिणोत्तर हवी. आवाज वाढवताना खरखर आली तर बटणाखालच्या पट्टीत धूळ असते. संपलेले सेल आत तसेच राहिले की पाणी सोडतात, स्प्रिंगला हिरवट बुरशी चढते. ती घासून काढल्याशिवाय नवे सेल घालून उपयोग नाही. जुन्या संचांत जर्मेनियमचे भाग असत. उन्हात ठेवले की त्यांतून विजेची गळती वाढे, गळतीने भाग आणखी तापे आणि आवाज फाटे. मग दुरुस्तीवाला शांतपणे सांगे, “ट्रान्झिस्टरचा ट्रान्झिस्टर गेलाय.”