आठ बेटं आणि एक जहाज

1 ऑक्टोबर 1975 रोजी प्रशांत महासागरातली एलिस बेटं, म्हणजे आजचं तुवालू, शेजारच्या गिल्बर्ट बेटांपासून (आजचं किरिबाती) वेगळी झाली, तेव्हा वाटणीत त्यांना एकच जहाज मिळालं. नाव ‘निवांगा’. दोघांच्या सामाईक ब्रिटिश वसाहतीची तिजोरी ज्या फॉस्फेट या खनिजावर चालायची, त्यातला छदामही मिळणार नाही, हे ब्रिटिशांनी आधीच बजावलं होतं. तरी 1974 च्या सार्वमतात 3,799 जणांनी वेगळं होण्याचा कौल दिला. विरोधात मतं पडली 293. तुवालूची गोष्ट इथूनच सुरू करायला हवी. एरवी या देशाची बातमी येते ती फक्त वाढत्या समुद्राची, आणि मग तिथल्या माणसांनी काय काय ठरवलं, ते मागेच राहतं.

एलिसचे लोक पॉलिनेशियन, भाषा सामोअनच्या नात्यातली. गिल्बर्टचे लोक मायक्रोनेशियन. कारभार सोपा जावा म्हणून ब्रिटिशांनी 1892 मध्ये दोघांनाही संरक्षणाखाली घेतलं आणि 1916 मध्ये एकच वसाहत केली. स्वातंत्र्य जवळ आलं तशी एलिसवाल्यांना धास्ती वाटू लागली, की आपण कायमचे अल्पसंख्य होऊन बसू. 1 ऑक्टोबर 1978 ला देश स्वतंत्र झाला आणि तोआरिपी लाउती पहिले पंतप्रधान झाले. ‘तुवालू’ म्हणजे एकत्र उभे राहिलेले आठ. बेटं खरं तर नऊ, पण निउलाकितावर पूर्वी कायमची वस्ती नव्हती.

वस्ती किती नाजूक होती, ते 1863 मध्ये दिसलं. पेरूहून आलेल्या गुलामांच्या व्यापाऱ्यांनी नुकुलाएलाए बेटावरची माणसं फसवून जहाजांवर चढवली. तीनशेच्या आसपास लोकांपैकी मागे शंभरही उरले नाहीत.

सगळी जमीन मिळून 26 चौरस किलोमीटर, लोकसंख्या अकरा हजारांच्या आतबाहेर, त्यातले निम्म्याहून जास्त राजधानी फुनाफुतीत. एकही नदी नाही. पत्र्यावरून टाकीत उतरलेलं पावसाचं पाणी, हाच आधार. शेतीही वेगळीच. प्रवाळाच्या चुऱ्यात गोड्या पाण्याचा थर लागेपर्यंत खड्डा खणायचा, वर्षानुवर्षं पाला कुजवून त्यात माती तयार करायची आणि तिथे पुलाका लावायचा. हे अळूच्या कुळातलं मोठ्या कंदाचं पीक. एका पिढीने केलेली माती पुढच्या पिढीच्या पोटाला येते. आता खालून खारं पाणी झिरपतं आणि ते खड्डे वाया जातात, तेव्हा नुकसान एका हंगामापुरतं राहत नाही.

1942 मध्ये अमेरिकी सैन्य उतरलं आणि फुनाफुतीवर धावपट्टी झाली. भरावासाठी बेटावरच खोल खड्डे खणले गेले. युद्ध संपलं, खड्डे तसेच राहिले; समुद्राच्या पाण्याने आणि कचऱ्याने भरलेल्या त्या डबक्यांच्या काठाला लोकांनी सत्तर वर्षं काढली. न्यूझीलंडच्या मदतीने ते बुजले 2015 मध्ये. धावपट्टीवर आजही संध्याकाळी मुलं फुटबॉल खेळतात आणि विमान येणार असलं की भोंगा वाजतो.

संसदेत 16 सदस्य, राजकीय पक्ष एकही नाही. प्रत्येक बेटाचा कारभार फालेकाउपुले, म्हणजे वडीलधाऱ्यांची पारंपरिक सभा पाहते. राजप्रमुख ब्रिटनचा राजा. ते बदलण्याचा प्रस्ताव 1986 आणि 2008 अशा दोन्ही सार्वमतांत लोकांनी नाकारला.

फॉस्फेटवर पाणी सोडलेल्या या देशाने पैसा उभा केला तो मात्र मोठ्या हुशारीने. 1987 मध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्रिटन यांच्या मदतीने विश्वस्त निधी स्थापन झाला. भोवतीच्या अफाट समुद्रात ट्यूना पकडायला येणाऱ्या परदेशी बोटींकडून परवाना शुल्क मिळतं. तरुण परदेशी मालवाहू जहाजांवर खलाशी म्हणून जातात आणि घरी पैसे पाठवतात. त्यात इंटरनेटवर देशाच्या वाट्याला ‘डॉट टीव्ही’ हा पत्ता आला! तो वापरण्याचे हक्क देऊन झालेल्या कमाईचा हातभार लागला आणि 2000 मध्ये तुवालू संयुक्त राष्ट्रांचा 189 वा सदस्य झाला.

नोव्हेंबर 2023 मध्ये ऑस्ट्रेलियाशी ‘फालेपिली’ करार झाला. शेजाऱ्याला घरच्यासारखं जपणं, असा या शब्दाचा अर्थ. वर्षाला 280 जणांना तिकडे कायमचं राहायला जाता येईल, आणि समुद्राने जमीन गिळली तरी तुवालूचं राष्ट्र म्हणून अस्तित्व कायम राहील, हेही करारात लिहून घेतलं आहे. 2025 मध्ये पहिली सोडत निघाली, तेव्हा कुटुंबीय धरून आठ हजारांहून जास्त लोकांनी नावं नोंदवली.