टेनिसमधला 'लव्ह' अंड्यातून आला का?

टेनिस-बॅडमिंटनमध्ये शून्याला 'लव्ह' म्हणतात, कारण फ्रेंच लोक शून्याला अंडं, म्हणजे 'लफ', म्हणायचे आणि इंग्रजांनी त्याचं 'लव्ह' केलं, असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे.

पटण्यासारखा आहे खरा. शून्य दिसतं अंड्यासारखं, त्यात क्रिकेटमधला 'डक' खरोखरच बदकाच्या अंड्यावरून आलेला.

पण फ्रेंच पंच काय म्हणतात ते ऐका. पॅरिसच्या लाल मातीवरच्या एखाद्या सामन्याची चित्रफीत लावा. सर्व्हिस करणाऱ्यानं पहिला गुण घेतला की पुकारा होतो 'कँझ-झेरो', म्हणजे पंधरा-शून्य. अंड्याचं नाव नाही. पूर्वी ते तसं म्हणत, याचाही लेखी पुरावा मिळत नाही.

काळही पाहा. लॉन टेनिस १८७०च्या दशकातलं. शून्य गुणांसाठी 'लव्ह' मात्र १७४२ सालीच व्हिस्ट या पत्त्यांच्या खेळावरच्या इंग्रजी पुस्तकात आहे. अर्थात भिंतींच्या आतलं जुनं टेनिस याहून कितीतरी आधीचं आणि फ्रान्समधूनच आलेलं, तेव्हा एवढ्यानं निकाल लागत नाही.

मग खरं काय? शब्दकोशकारांचा कल एका साध्या वापराकडे आहे. पैसे न लावता खेळणं म्हणजे इंग्रजीत 'फॉर लव्ह' खेळणं, निव्वळ हौसेखातर. पैज नाही, मिळकत नाही, म्हणून हातात शून्य. मला हेच जास्त पटतं. जुन्या वापरांचे दाखले सालासकट देणाऱ्या मोठ्या इंग्रजी कोशात 'लव्ह'ची नोंद उघडली की दोन्ही अर्थ सापडतील.