ओला (स्पॅनिश अभिवादन)

ओला हा स्पॅनिश भाषेतील सर्वाधिक प्रचलित अभिवादनाचा शब्द. लिहिताना त्याच्या आरंभी ‘ह’चे अक्षर असते, पण ते उच्चारले जात नाही, त्यामुळे ‘लाट’ या अर्थाचा ओला आणि हा ओला कानाला सारखेच लागतात. शब्दाचा उगम वादग्रस्त आहे.

सर्वांत लोकप्रिय मत असे, की हा शब्द अरबी ‘वल्लाह’ (‘अल्लाची शपथ’) यावरून आला. इ. स. 711 ते 1492 या काळात आयबेरियन द्वीपकल्पाचा (आजचे स्पेन व पोर्तुगाल) लहानमोठा भाग मुस्लिम सत्तेखाली होता आणि स्पॅनिशने अरबीतून मुबलक शब्द घेतले, त्यामुळे हे मत चटकन पटते. ‘देव करो’ या अर्थाचा ‘ओखाला’ हा उद्गार तर निर्विवाद अरबी आहे आणि त्यात अल्लाचे नावही आहे. स्पॅनिश जीवनावरील इस्लामी ठसा ठामपणे मांडणाऱ्या आमेरिको कास्त्रो यांच्यासारख्या इतिहासकारांमुळे अशा व्युत्पत्तींना बळ मिळाले. उलट अरबीचे अभ्यासक फेदेरिको कोरिएन्ते यांनी वल्लाहशीच जोडला जाणारा ‘ओले’ हा शाबासकीचा उद्गार ‘खोट्या अरबी शब्दां’त टाकला.

अरबी मताची खरी अडचण आघाताची आहे. ‘ओखाला’मध्ये जोर शेवटच्या अक्षरावर पडतो. वल्लाहपासून आलेल्या शब्दातही तो तिथेच अपेक्षित आहे. पण ओलामध्ये जोर ‘ओ’वर आहे.

दुसरी अडचण अर्थाची, आणि ती अधिक बोलकी आहे. पूर्वी ओला हे अभिवादन नव्हतेच. स्पॅनिश अकादमीच्या 1734 सालच्या कोशखंडात, आपल्यापेक्षा खालच्या माणसाला बोलावण्याची ही ग्राम्य रीत असल्याचे म्हटले आहे. नवलाची गोष्ट ऐकल्यावरचा उद्गार म्हणूनही तो वापरला जाई. सतराव्या शतकातील नाटकांत धनी याच शब्दाने नोकराला हाक मारतो. हाकेचा शब्द पुढे भेटीचा आणि बरोबरीचा झाला, हे सहज समजते. शपथेचा शब्द आधी नोकराला बोलावण्याकडे आणि तिथून अभिवादनाकडे कसा वळला, हे मात्र वल्लाहचे समर्थक नीट सांगू शकत नाहीत.

म्हणून ओला ही मुळात नुसती हाक होती, हे मत अधिक सबळ वाटते. शेजारच्या भाषांत तिचे सोबती आहेत: फ्रेंच ‘ओला’ (‘हो’ ही हाक आणि ‘तिथे’ या अर्थाचा ‘ला’), इटालियन व पोर्तुगीज ‘ओला’, जर्मन ‘हालो’, इंग्रजी ‘हॅलो’. जर्मन शब्दाचा संबंध काही अभ्यासक ‘आण’ या अर्थाच्या जुन्या आज्ञार्थाशी, पैलतीरावरच्या नावाड्याला घातलेल्या सादेशी जोडतात. तरी केवळ ध्वनिसाम्यावर नाते ठरवता येत नाही. मराठीतली ‘हाळी’सुद्धा या शब्दांच्या जवळची वाटते, पण ते साम्य पुरावा ठरत नाही, लांबच्या माणसाला हाक मारताना तोंडातून मोकळे स्वर आणि ‘ह’, ‘ल’सारखे ध्वनी अनेक भाषांत आपोआप निघतात.

स्पॅनिश अकादमीचा आजचा कोशही ओलाला उद्गारवाचक निर्मिती मानतो आणि तुलनेसाठी इंग्रजी व जर्मन शब्द देतो. अरबीचा उल्लेख करत नाही. एक गाठ मात्र राहते. फ्रेंच, इटालियन आणि पोर्तुगीज रूपांत जोर शेवटच्या ‘ला’वर आहे. हाक फ्रेंचमधून आली असे मानले, तरी स्पॅनिशमध्ये तो ‘ओ’वर का सरकला, हे सांगावेच लागते.