बिजागरीची एकबारी रायफल

नळी बिजागरीवर खाली झुकवून मागच्या तोंडात एकच काडतूस घालायचे, नळी वर आणून बंद करायची, अंगठ्याने घोडा (ठोका मारणारी मागची हातोडी) चढवून चाप ओढायचा, अशी चालणारी रायफल. तिला मॅगझिन (जादा काडतुसांची पेटी) नसते, बोल्टही (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा) नसतो. रचना एकनळी शिकारी बंदुकीचीच, फक्त नळीच्या आत मळसूत्री खाचा पाडलेल्या.

सुटे भाग मोजके असल्याने ती स्वस्त पडते. अमेरिकेत हा प्रकार घरोघरी नेला तो हॅरिंग्टन अँड रिचर्डसन या नावाने. मॅसॅच्युसेट्समधील ही कंपनी १८७१ सालची. मूळ कारखाना १९८६ मध्ये बंद पडला, पण नाव पुढे चालू राहिले आणि त्या नावाखालची ‘हँडी-रायफल’ २०१५ पर्यंत बनत होती. ब्राझीलची रॉसी आणि रशियातील इझेव्स्कची बायकल हीदेखील याच वर्गातली परिचित नावे.

स्वस्ताईपलीकडेही तिचे गुण आहेत. बोल्टची लांबी वाचल्याने तेवढ्याच नळीची ही रायफल बोल्ट रायफलपेक्षा चांगलीच आखूड भरते, त्यामुळे झाडीत वागवायला सोपी जाते. नळी उघडली की ती भरलेली आहे की रिकामी, हे शेजारी उभ्या असलेल्यालाही दिसते. नवशिक्याला शिकवताना याचे मोल फार. हँडी-रायफलमध्ये घोडा थेट फायरिंग पिनवर, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आपटणाऱ्या सळईवर, आदळत नाही. चाप मागे ओढलेला असतानाच मधली पट्टी वर सरकून घोड्याचा ठोका पिनपर्यंत पोचवते. चढवलेला घोडा उतरवताना अंगठा निसटला, तरी चापावर बोट नसेल तर बार उडत नाही. मात्र सगळ्याच स्वस्त एकबारींत ही पट्टी असते असे नाही.

मिसिसिपी आणि लुइझियाना या राज्यांत ठासणीच्या बंदुकांसाठी राखलेल्या हरणांच्या हंगामात बाहेर घोडा असलेल्या, .३५ किंवा त्याहून मोठ्या कॅलिबरच्या (इंचात मोजलेल्या नळीच्या व्यासाच्या) एकबारी रायफललाही मुभा मिळाली. तिथे .४५-७० सारख्या काडतुसांच्या एकबारींना त्यामुळे नवे गिऱ्हाईक लाभले. .४५-७० हे अमेरिकी सैन्याने १८७३ मध्ये स्वीकारलेले काठाचे, म्हणजे बुडाशी बाहेर आलेली कड असलेले, काडतूस. काठाची काडतुसे या रचनेला मानवतात, कारण काठ नळीच्या तोंडाशी टेकतो आणि बाहेर काढणाऱ्या आकड्याला पक्की पकड मिळते. बिनकाठाच्या काडतुसासाठी आकड्याला स्प्रिंग जोडावी लागते, आणि ती पकड तेवढी खात्रीची नसते.

खरी मर्यादा इथेच सुरू होते. बोल्ट रायफलमध्ये बोल्ट फिरवताना त्याच्या तिरक्या उताराची ताकद अडकलेले टरफल सैल करते. बिजागरीच्या रायफलमध्ये तशी ताकद नाही. जादा दाबाचे, घरी भरलेले काडतूस उडवले तर टरफल चेंबरमध्ये (नळीच्या काडतूस बसणाऱ्या भागात) घट्ट बसते आणि गजाने ठोकूनच बाहेर काढावे लागते. दुसरा बार उशिरा होतो हा दोष सगळेच सांगतात, पण माझ्या मते त्याहून त्रासदायक आहे पुढचा लाकडी दस्ता. तो एका स्क्रूने थेट नळीलाच जोडलेला असतो. स्क्रू किती आवळला आणि दस्ता कुठे टेकवला, यावर गोळी कुठे लागेल हे बदलते. लागोपाठच्या बारांनी नळी तापली की निशाण सरकत जाते. म्हणून अनेक जण त्या स्क्रूखाली रबरी कडे बसवतात आणि निशाण जुळवताना प्रत्येक बारानंतर नळी गार होऊ देतात. जड चाप, हलक्या वजनामुळे बसणारा धक्का आणि दुर्बिणीखाली अंगठा न पोचणारा घोडा या तक्रारीही नेहमीच्या. शेवटच्या तक्रारीवर घोड्याला आडवी खुंटी लावतात.

यातले बरेचसे दोष बिजागरीचे नव्हेत, कमी खर्चाचे आहेत. डोंगरी शिकारीसाठी जर्मनीत बनणाऱ्या ब्लेझर के-९५ किंवा मेर्केल के-३ या एकबारी अत्यंत अचूक आहेत आणि तितक्याच महागही. तिथे पैसा जातो तो नळी बंद ठेवणाऱ्या खटक्यावर, चापावर आणि नळीच्या बसणीवर, म्हणजे स्वस्त रायफलमध्ये नेमकी जिथे काटकसर होते तिथे.

जुनी रायफल घेताना नळी बंद करून ती बिजागरीवर हलते का, हे पाहावे. हॅरिंग्टनच्या सांगाड्यांत (नळी ज्याला जोडली जाते तो मुख्य भाग) एसबी-१ हा कमी दाबाच्या काडतुसांसाठी आणि एसबी-२ हा रायफलच्या जादा दाबासाठी. प्रत्येक नळी तिच्या सांगाड्याला कारखान्यात जुळवलेली असे. वरवर नीट बसते म्हणून जादा दाबाची नळी एसबी-१ वर चढवणे जिवावर बेतू शकते.