पोटातील महाधमनीचा फुगवटा : बांधण्यापासून बदलण्यापर्यंत

पोटातील महाधमनीचा व्यास सर्वसाधारणपणे २ सेंटिमीटरच्या आसपास असतो. तो ३ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त झाला, की त्याला धमनीविस्फार किंवा अ‍ॅन्युरिझम म्हणतात. धमनी रुंद होते तशी तिची भिंत पातळ होते आणि रक्तदाब तेवढाच राहिला तरी भिंतीवरचा ताण वाढत जातो. म्हणूनच हा विकार सहसा आपणहून मागे हटत नाही, आणि बहुतेक रुग्णांना तो फुटेपर्यंत जाणवतही नाही.

दुसऱ्या शतकातील ग्रीक शल्यविशारद अँटिलस फुगवट्याच्या वर आणि खाली धमनी बांधून तो उघडत असे, पण हे हातापायांच्या धमन्यांपुरतेच शक्य होते. पोटातील महाधमनीच्या फुगवट्याचे वर्णन सोळाव्या शतकात आंद्रेआस वेसालियसने केले. मात्र तेथे हात घालण्याचे धाडस व्हायला १८१७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी लंडनमध्ये अ‍ॅस्टली कूपर यांनी, जांघेजवळच्या धमनीच्या फुगवट्यातून रक्तस्राव होत असलेल्या एका रुग्णाची महाधमनीच बांधली. रुग्ण सुमारे ४० तास जगला. फुगवट्यासाठी महाधमनी बांधूनही रुग्ण वाचल्याची नोंद न्यू ऑर्लिन्सच्या रुडॉल्फ माटास यांच्या नावावर आहे, आणि ती १९२३ सालची, म्हणजे शंभराहून अधिक वर्षांनंतरची आहे.

या साऱ्या काळात लक्ष फुगवट्यावर खिळलेले होते. तो बांधावा, त्यात तारेची वेटोळी सोडून रक्त गोठवावे किंवा बाहेरून त्याला आवळावे, असेच उपाय सुचत राहिले. १९४८ मध्ये शल्यविशारद रुडॉल्फ निसेन यांनी अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या महाधमनीभोवती सेलोफेन गुंडाळले, ते त्याच्या क्षोभाने तंतुमय ऊती वाढून भिंत जाड व्हावी म्हणून. त्यानंतर आइन्स्टाइन सहा वर्षांहून अधिक काळ जगले, पण १९५५ मध्ये फुगवटा फुटला आणि त्यांनी पुन्हा शस्त्रक्रिया करून घ्यायला नकार दिला.

माझ्या मते खरे वळण आले ते फुगवट्याऐवजी प्रवाहाचा विचार सुरू झाला तेव्हा. त्याचे मूळ १८९४ मधील एका हत्येपर्यंत जाते. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांना ल्यों येथे भोसकण्यात आले आणि यकृताकडे जाणारी मोठी शीर शिवता न आल्याने ते दगावले. त्याच शहरात वैद्यक शिकणाऱ्या अ‍ॅलेक्सिस कॅरेल यांना ही असहायता सहन झाली नाही. भरतकामाची बारीक सुई आणि रेशमी धागा वापरून त्यांनी रक्तवाहिन्या जोडण्याची पद्धत १९०२ मध्ये मांडली आणि १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळवले. तरीही फुगलेला भाग काढून तेथे दुसरी नळी बसवायला १९५१ उजाडले. पॅरिसमध्ये शार्ल द्युबोस्त यांनी त्यासाठी मृत व्यक्तीची महाधमनी वापरली.

अशा धमन्या मिळणे कठीण होते आणि त्या टिकतही नसत. त्यावरचा मार्ग न्यूयॉर्कच्या आर्थर व्हूरहीस यांना कुत्र्याच्या हृदयात सापडला. आत राहिलेल्या रेशमी टाक्यावर काही महिन्यांत चकचकीत, गुळगुळीत अस्तर चढलेले त्यांनी पाहिले, आणि धागा शरीर स्वीकारत असेल तर कापडही स्वीकारेल, हे त्यांनी ओळखले. १९५२ मध्ये त्यांनी व्हिन्यॉन-एन या कृत्रिम कापडाच्या नळ्यांचे प्रयोग प्रसिद्ध केले. ह्यूस्टनच्या मायकेल डिबेकी यांनी डेक्रॉन या पॉलिएस्टर कापडाच्या नळ्या घरच्या शिलाई मशीनवर शिवल्या. पुढे तेच कापड रूढ झाले.

महाधमनीतूनच फुटणाऱ्या आतड्यांच्या धमन्यांचा विकार मात्र या फुगवट्याहून उशिरा ध्यानात आला. जेवणानंतर पोटात कळा येणे, त्या भीतीने खाणे कमी होणे आणि वजन घटणे हा आतडे मरण्यापूर्वीचा इशारा असू शकतो, हे डन्फी या शल्यविशारदांनी १९३६ मध्ये दाखवले, तर त्या धमनीतील अडथळा शस्त्रक्रियेने काढणे १९५० च्या दशकात जमू लागले.

१९९० मध्ये ब्वेनोस आयरेस येथे हुआन पारोदी यांनी जांघेतील धमनीतून स्टेंट (धातूच्या जाळीचा आधार) लावलेली कापडी नळी आत सरकवून पोट न उघडता फुगवटा रक्तप्रवाहातून वगळला. मात्र अशा नळीच्या कडेने गळती होऊ शकते, म्हणून रुग्णाची तपासणी पुढे नियमित चालू ठेवावी लागते. फुटण्याआधी फुगवटा शोधण्याचे काम सोनोग्राफीने सोपे केले. ब्रिटनमध्ये ६५ ते ७४ वयाच्या सुमारे ६७,८०० पुरुषांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तपासणीसाठी बोलावलेल्या गटात या विकाराने होणारे मृत्यू चार वर्षांत ४२ टक्क्यांनी कमी आढळले. त्यानंतर तेथे ६५ व्या वर्षी पुरुषांना एका सोनोग्राफीसाठी बोलावण्याची पद्धत सुरू झाली, आणि सहसा फुगवटा ५.५ सेंटिमीटरपर्यंत पोहोचला की शस्त्रक्रियेचा विचार होतो.